अर्थ शॉटमध्ये नसतो, जोडणीत असतो

एक नट समोर बघतोय, चेहऱ्यावर विशेष काही नाही. मग सूपने भरलेली वाटी, आणि पुन्हा तोच चेहरा. भुकेला दिसतो बिचारा! वाटीच्या जागी शवपेटीतलं मूल दाखवलं की तोच चेहरा दुःखी भासतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या आसपास केलेला हा प्रयोग सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. मूळ फिल्म मात्र आज उपलब्ध नाही. शिवाय १९९२ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी तो नव्याने करून पाहिला, तेव्हा असा परिणाम आढळलाच नाही. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत तो आढळला, पण दंतकथेइतका ठळक नव्हे. मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण चेहऱ्याचा अर्थ आजूबाजूच्या दृश्यांवरून लावण्याची मेंदूची सवय आता मोजून दाखवता येते.

त्याहून थक्क करते ती न दिसणारी कात्री. पात्र दाराची कडी धरतं, हात वळायला लागतो, आणि वळण अर्ध्यात असतानाच कट होतो, म्हणजे शॉट बदलतो. पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा खोलीच्या आत असतो आणि तीच हालचाल पुरी होते. एडिनबरा विद्यापीठात टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी प्रेक्षकांना कट दिसला की बटण दाबायला सांगितलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, हालचालीवर केलेले सुमारे एक तृतीयांश कट लोकांच्या लक्षातच आले नाहीत, आणि तेही कट शोधायलाच बसलेले असताना! आपलं लक्ष त्या हातामागे धावत असतं. त्यात आपली नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते आणि उडीच्या क्षणी मेंदू दृश्य जवळपास बंद ठेवतो. काही कट या फटीत दडून जातात, पण हालचालीवर कट करणारा संकलक मुख्यतः आपल्या गुंतलेल्या लक्षाचाच फायदा घेतो.

पण ही सगळी समज उपजत नाही. तुर्कस्तानातल्या डोंगराळ खेड्यांत, ज्यांनी सिनेमा जवळजवळ पाहिलाच नव्हता अशा प्रौढांना २०१० च्या एका अभ्यासात छोट्या फिती दाखवल्या. ओळखीच्या कामाचा धागा असला, तर मध्ये कट असूनही त्यांना गोष्ट समजत होती. घर बाहेरून दाखवून लगेच खोली दाखवली, की ती खोली त्याच घरातली आहे हे मात्र त्यांना सहज उमगत नव्हतं.