पश्चात्तापाचा बाप्तिस्मा

पश्चात्तापाचा बाप्तिस्मा : पाप सोडून देवाकडे परतण्याची खूण म्हणून पाण्यात उतरण्याचा, यार्देन नदीकाठी योहानाने सुरू केलेला विधी व त्यावर उभी राहिलेली ख्रिस्ती शिकवण. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘बाप्तिस्मा’, तर मराठी कॅथलिक उपासनेत ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची कथाच नाही; ते थेट या विधीपासून सुरू होते. मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, येण्याआधी त्याची वाट नीट करायची आणि ती वाट माणसाच्या वागण्यातून जाते, हा योहानाच्या उपदेशाचा गाभा होय.

काळ : तिसऱ्या शुभवर्तमानाचा लेखक लूक याने योहानाच्या कार्याचा आरंभ रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षात सांगितला आहे. आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या मृत्यूपासून (इ. स. १४) मोजल्यास हे वर्ष इ. स. २८-२९ येते. तिबिर्याच्या सहराज्यकारभारापासून मोजणारे अभ्यासक ते २६-२७ पर्यंत मागे नेतात; मात्र रोमन लेखक सहसा तसे मोजत नसल्याने पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ज्यू इतिहासकार जोसेफस यानेही आपल्या इतिहासाच्या अठराव्या खंडात योहानाचा उल्लेख केला असून त्याचा वध गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा याने माखैरस किल्ल्यात करवला, असे म्हटले आहे. जोसेफसच्या मते योहान पापक्षमा मागण्यासाठी स्नान घालत नसे. सदाचाराने अंतःकरण आधी शुद्ध झालेले असे आणि पाणी फक्त शरीरासाठी असे. मार्क मात्र ‘पापांच्या क्षमेसाठी’ असे स्पष्ट म्हणतो. दोन्ही वृत्तांतांत एक गोष्ट समान आहे : आचरण बदलल्याविना नुसत्या पाण्याला किंमत नाही.

स्थळाबाबतही मतभेद आहेत. चौथे शुभवर्तमान ‘यार्देनेपलीकडील बेथानी’ म्हणते. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ऑरिजेनने ‘बेथाबारा’ हा पाठ पसंत केला. नदीच्या पूर्व तीरावरील अल-मगतास हे स्थान २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आले.

उगम : योहानाने हा विधी कोठून घेतला, हा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे. ज्यू धर्मशास्त्रातील शुद्धिस्नाने जुनीच होती आणि त्यासाठी खोदलेली पायऱ्यांची कुंडे (मिक्वे) यरुशलेम परिसरात मोठ्या संख्येने सापडली आहेत. पण ती स्नाने वारंवार करायची व ज्याची त्याने करायची असत. योहानाच्या विधीचे मूळ परधर्मीयाला ज्यू धर्मात घेताना दिल्या जाणाऱ्या स्नानात शोधावे, असे एकेकाळी बहुतेक कोशांत लिहिलेले आढळते. या स्नानाचे निश्चित पुरावे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत आहेत आणि मिश्नाचे संकलन इ. स. २०० च्या सुमाराचे. त्यातील शम्माय व हिल्लेल या ज्यू गुरूंच्या घराण्यांचा वाद जुना असला, तरी योहानापूर्वी ही प्रथा स्थिर झाली होती असे ठामपणे म्हणता येत नाही.

१९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांमुळे चर्चेला नवे वळण मिळाले. तेथील पंथाच्या नियमग्रंथात यशया संदेष्ट्याचे ‘अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा’ हेच वचन आधाराला घेतले आहे, पश्चात्तापाविना पाण्याने शुद्धी होत नाही असेही बजावले आहे, आणि ती वसाहत योहानाच्या प्रदेशापासून फार दूर नाही. त्यावरून योहान त्या पंथात वाढला असावा, असा तर्क काहींनी केला. परंतु कुमरानची मंडळी जगापासून अलग राहून नियम पाळीत आणि रोज स्नान करीत. योहान जकातदार आणि शिपाई यांनाही नदीवर बोलावी, त्यांना एकदाच आणि स्वतःच्या हाताने बुडवी. ‘बाप्तिस्मा करणारा’ हे त्याचे टोपणनाव याच वेगळेपणामुळे पडले असावे. वचन समान, परिसर समान, पण विधी स्वतंत्र, हे मत आज अधिक मान्य आहे. इराक-इराणमधील मंदाई पंथ योहानाला फार मानतो. तथापि त्यांचे ग्रंथ बऱ्याच उत्तरकालीन संस्कारांतून गेलेले असल्याने उगमाच्या प्रश्नात त्यांचा आधार जपूनच घ्यावा लागतो.

पश्चात्ताप म्हणजे काय, हे लोकांनी योहानाला विचारले तेव्हा त्याने दिलेली उत्तरे लूकने नोंदवली आहेत आणि ती मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने धाकदपटशाने पैसे उकळू नयेत, पगारात भागवावे. जप, उपास, यात्रा यांपैकी काहीही त्याने या वेळी सांगितले नाही.

पश्चात्ताप व प्रायश्चित्त : हिब्रूत या कल्पनेसाठी ‘तेशुवा’ म्हणजे परत फिरणे, तर ग्रीक नव्या करारात ‘मेतानोइया’ म्हणजे मन पालटणे असा शब्द येतो. लॅटिन बायबलातील शब्दयोजनेचा अर्थ मात्र ‘प्रायश्चित्त करा’ असाही लागत होता. डच विद्वान एरास्मसने १५१६ मध्ये ग्रीक पाठ छापून या भाषांतराकडे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरच्या पंच्याण्णव सिद्धांतांतील पहिला सिद्धांत याच शब्दावर उभा राहिला : श्रद्धावंताचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त हा स्वतंत्र संस्कार असल्याचे पुन्हा प्रतिपादिले.

मराठीतही हे दोन शब्द शेजारी नांदतात. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात जळणे आहे, वळणे नाही. वारकरी संतांचा ‘अनुताप’ त्याच कुळातला आहे. ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्रातील विधीचा शब्द. प्रोटेस्टंट लेखनात तो मुख्यतः ख्रिस्ताच्या बलिदानासाठी राखून ठेवला गेला, तर कॅथलिक मराठीत पापकबुलीच्या संस्काराला ‘प्रायश्चित्त संस्कार’ म्हणतात.

या शब्दांचे वजन मुंबईने न्यायालयातही पाहिले आहे. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बाप्तिस्मा दिला आणि प्रकरण मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांकडे जेवल्या-राहिल्यामुळे त्याला ज्ञातीत परत घेता येते का, असा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, ही बाजू धरली आणि त्यापायी रोष पत्करला. एका घरातला थोरला भाऊ पश्चात्तापाच्या पाण्यातून बाहेर पडला, धाकट्याला प्रायश्चित्ताच्या पाण्यातून परत यावे लागले. दोघांनाही पाणी ओलांडावे लागले, हे या प्रकरणाचे मोठे कारुण्य आहे.

‘बाप्तिस्मा’ शब्द : ग्रीक ‘बाप्तिझो’ म्हणजे बुडवणे. मराठी रूपाचा ‘आ’कारान्त शेवट पोर्तुगीज ‘बाप्तिस्मु’पेक्षा ग्रीक ‘बाप्तिस्मा’शी जुळतो, त्यामुळे तो किनाऱ्यावरील पोर्तुगीज संपर्कातून न येता ग्रीक पाठावरून काम करणाऱ्या भाषांतरकारांकडून रूढ झाला असावा. बंगालमधील सेरामपूरच्या मिशनचा मराठी नवा करार १८११ मध्ये, तर मुंबईत अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये निघाला. हा शब्द तसाच ठेवणे साधी गोष्ट नव्हती. बंगालीत बॅप्टिस्ट (बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) भाषांतरकारांनी ‘बुडवणे’ अशा अर्थाचा देशी शब्द घातला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसा नाकारला आणि १८४० मध्ये बॅप्टिस्टांना वेगळी भाषांतरसंस्था काढावी लागली. मूळ शब्द ठेवला की पाणी शिंपडणारे, ओतणारे व बुडवणारे असे सगळे एकच बायबल वाचू शकतात. ‘स्नानसंस्कार’ मराठी कानाला अधिक जवळचा आहे. पण त्यात मरून उठण्याचा, म्हणजे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील दफनाचा अर्थ उतरत नाही.

विधीविषयी सर्वांत जुनी सूचना ‘दिदाखे’ या आरंभकालीन पुस्तिकेत आहे : वाहते पाणी घ्यावे, ते नसेल तर दुसरे, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा का, या प्रश्नावर इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन थांबा म्हणतो; अर्धशतकानंतर बिशप सिप्रियन उशीर नको म्हणतो. १५२५ मध्ये झुरिचमध्ये प्रौढांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि हा वाद कायमचा उघडला.

मुंबईतील रूप : अंधेरीतील सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या आवारात, कोंदिविट्याच्या जुन्या हद्दीत, योहान बाप्तिस्ताच्या नावाचे पोर्तुगीज चर्च भग्नावस्थेत उभे आहे. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले असे मानतात. १८४० च्या सुमारास साथीमुळे गावकऱ्यांनी जागा सोडली. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, खांब व मूर्ती मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेल्याचे सांगतात. पात्र सोबत नेणे समजण्यासारखे आहे, कारण गावातला प्रत्येक जण त्याच पात्रापाशी ख्रिस्ती झाला होता.

शहरातील कॅथलिक चर्चमध्ये रविवारी हा विधी आजही पाहता येतो. धर्ममाता बाळाला आडवे धरते, पाद्री डोक्यावर तीनदा पाणी ओततो, टाळूला तेल लावतो आणि धर्मपिता पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवतो. नोंदवहीत नावापुढे समास कोरा ठेवलेला असतो. पुढे दृढीकरण व लग्न त्याच ओळीसमोर लिहायचे, असा धर्मसंहितेचा नियम आहे. माणूस वसईहून भांडुपला गेला तरी लग्नाची नोंद मूळ चर्चकडे परत येते.

गिरगाव व भायखळ्याच्या जुन्या मराठी मंडळ्यांचा इतिहास मिशनच्या कागदपत्रांतून चांगला कळतो. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच झाला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा दोन्ही मान्य केले. एकाच मंडळीत दोन्ही परंपरांची कुटुंबे शेजारी बसतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र लहानपणीचा बाप्तिस्मा धरीत नाहीत आणि हौदात किंवा समुद्रात पूर्ण बुडवतात.

मसीहाची वाट : नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात दुसऱ्या व तिसऱ्या रविवारी योहानाविषयीचा पाठ वाचतात. मलाखीच्या भाकितानुसार मसीहाच्या दिवसाआधी एलिया संदेष्टा यायचा होता. मत्तय योहानालाच तो एलिया ठरवतो, तर चौथ्या शुभवर्तमानात योहान स्वतः ते नाकारतो. मुंबई-कोकणातील मराठी वाचकाला ही अपेक्षा समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. मांडवीत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग उभारणारे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, आजही एलियाहू हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा करतात. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरे व फळे ठेवून हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात. योहानाभोवती यार्देनेवर जमलेले लोक याच एलियाची वाट पाहत होते.