यीस्टचं व्हॅनिलिन आणि 'नैसर्गिक' या शब्दाचा घोळ

यीस्टकडून केमिकल बनवून घेणं तसं जुनंच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्फोटकांसाठीचं ग्लिसरॉल यीस्टकडूनच काढलं, साखरेच्या द्रावात सल्फाइट घातलं की अल्कोहोलची वाट अडते आणि यीस्ट ग्लिसरॉल बनवायला लागतं. पण ते यीस्टचं स्वतःचंच काम होतं, फक्त जास्त करून घेतलेलं. बाहेरचे जीन घालून वेगळीच वस्तू काढणं नंतरचं, १९८६ मध्ये हिपॅटायटिस बी ची अशी लस मंजूर झाली आणि १९९६ ला यीस्टचा अख्खा जीनोम हातात आला, साधारण ६,००० जीन.

खरी उडी मलेरियाच्या औषधाने मारली. आर्टेमिसिनिन एका झुडपापासून मिळायचं, पीक कमीजास्त झालं की भाव वरखाली. २००६ मध्ये त्याच्या आधीच्या टप्प्याचं आम्ल यीस्टमध्ये बनलं, २०१३ पर्यंत लिटरमागे २५ ग्रॅम. पुढचं काम केमिस्ट्रीने करायचं. इटलीत उत्पादन सुरू झालं आणि नेमके तेव्हाच शेतातल्या मालाचे भाव इतके पडले की यीस्टचा माल महाग ठरला. विज्ञान जिंकलं, हिशोब हरला.

मग सगळ्यांचं लक्ष स्वाद आणि सुगंधांकडे गेलं, आणि तिथेच 'नैसर्गिक' या शब्दाचा गुंता झाला जो अजून सुटलेला नाही. २००९ मध्ये यीस्टने थेट ग्लुकोजपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या स्वादाचा मुख्य रेणू, बनवलं. त्यात घातलेले जीन बघा: शेणावर वाढणारी एक बुरशी, एक बॅक्टेरिया आणि चक्क माणूस. व्हॅनिलाच्या वेलीचा एकही नाही! शिवाय व्हॅनिलिन यीस्टला विषारी, म्हणून मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाचा जीन घालून व्हॅनिलिनला साखरेचा रेणू जोडला, की विषारीपणा कमी. गंमत म्हणजे व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेतही व्हॅनिलिन असंच साखरेला बांधलेलं असतं.

आता याला नैसर्गिक म्हणायचं का? २००८ च्या युरोपियन नियमात सूक्ष्मजीवांच्या प्रक्रियेने मिळालेला स्वादही नैसर्गिक धरलाय. जीएमओच्या, म्हणजे जीन बदललेल्या जीवांच्या, लेबलचा नियम वेगळा, त्यात 'जीएमओपासून' बनलेलं आणि 'जीएमओच्या मदतीने' बनलेलं यात फरक आहे, यीस्ट गाळून काढलं की लेबलवर त्याचा उल्लेख लागत नाही. २०१४ ला हे व्हॅनिलिन बाजारात आलं तेव्हा पर्यावरणवाद्यांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला, शेंगा पिकवणाऱ्यांचं काय हाही प्रश्न विचारला. उत्पादकांचं म्हणणं, रेणू तोच आहे आणि पेट्रोलियमपासून बनवण्यापेक्षा हे बरं. हे दुसरं मला पटतं, पण रेणू तोच आहे म्हणून तो कुठून आला हे सांगायचंच नाही, हे अजिबात पटत नाही. लेबलवर 'यीस्टमध्ये बनवलेलं' एवढे दोन शब्द टाकायला काय अडचण आहे?

दरम्यान यादी भराभर वाढली. २०१५ ला अफूच्या गटातली वेदनाशामकं, २०१९ ला गांजातली द्रव्यं, पूर्वी शार्कच्या यकृतातल्या तेलापासून बनवायचे ते स्क्वालेन, आणि स्टेव्हियाच्या पानात अगदी नावापुरतं असणारं रेब एम हे गोड द्रव्य. यातलं रेब एम थेट खाण्यात जातं, त्यामुळे लेबलचा तोच वाद आता स्वीटनरच्या पाकिटावर येऊन थांबलाय.