स्वस्त गिटार आधी वायर न जोडता वाजवा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलेला नवशिका पहिल्यांदा अँप्लिफायर शोधतो. जरा थांबा. स्वस्त गिटारीचे बरेचसे दोष वायर न जोडताच कळतात.

संगणकावर चालणारी यंत्रं आता लाकूड अचूक कापतात. तारांची हालचाल टिपणारा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तोही कमी खर्चात चांगला बनतो. महाग पडतो तो माणसाच्या हातांचा वेळ. फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत घासणं, नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कोरणं ही कामं मग घाईत उरकली जातात.

म्हणून नेकच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील, तर ती घासायची राहिलीत, किंवा लाकूड सुकून आकसलंय आणि धातू तेवढाच राहिलाय. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. एकाच जागी झणझणली, तर बहुधा पुढचा फ्रेट उंच आहे. बऱ्याच जागी झणझणली, तर लगेच नापास करू नका. सगळ्या तारांचा मिळून ताण 40 किलोच्या आसपास असतो, त्याने नेक वाकते. नेकच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, फिरवून तो बाक सुधारता येतो. खुंटी पिळताना ‘टिंग’ आवाज आला, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. अशी गिटार सुरात राहत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या खुंट्यांना मिळतो.

माझी सर्वांत आवडती परीक्षा बाराव्या फ्रेटची. 648 मिलिमीटरच्या तारेवर हा फ्रेट 324 मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर मध्यावर येतो आणि वरच्या सप्तकातला तोच सूर मिळायला हवा. पण तार दाबली की ताणली जाते, सूर किंचित चढतो. त्याची भरपाई म्हणून ब्रिजवरचं (तारा दुसऱ्या टोकाला जिथे बसतात त्या भागावरचं) सॅडल, म्हणजे तार टेकण्याचा छोटा आधार, थोडं मागे सरकवलेलं असतं. मोकळी तार आणि बारावा फ्रेट ट्यूनरवर ताडून पाहा. फरक दिसला तर सॅडलचा स्क्रू फिरवा. सॅडल टोकाला नेऊनही सूर जुळत नसेल आणि तारा नव्या असतील, तर ब्रिजच चुकीच्या जागी बसलाय. ती गिटार सोडून द्या.

आता वायर जोडा. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तनच इथे काम करतं: पोलादी तार हलते, चुंबकक्षेत्र बदलतं, वेढ्यांत वीज उमटते. पिकअप लाकूड नव्हे, तारेची हालचाल ऐकतो. लाकडाच्या भारी नावासाठी जादा पैसे मोजू नयेत असं मला वाटतं ते म्हणूनच. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. तो दोष नाही. तारांना हात लावल्यावर ती कमी व्हायला हवी. वाढली, तर आतली अर्थिंगची जोडणी तपासून घ्या.