रूळ उखडले, वाट उरली: स्पेनच्या हरित मार्गांची पार्श्वभूमी

स्पेनच्या भूमध्य भागात ऑलिव्ह आणि बदामाच्या बागांमधून, मोटारींचा उपद्रव नसलेल्या खडीच्या वाटेवर दिवसभर सायकल चालवता येते. याचं श्रेय बऱ्याच अंशी तोट्यात गेलेल्या रेल्वेला द्यावं लागतं. इथल्या बहुतेक सोप्या वाटा म्हणजे रूळ उखडलेले लोहमार्ग आहेत. चढ किती असेल, वळणं कशी असतील, पाणी कुठे मिळणार नाही आणि पावसानंतर वाट नेमकी कुठे फुटलेली असेल, हे सगळं तो मार्ग कोणी आणि कशासाठी बांधला यावर ठरतं.

विसाव्या शतकात ट्रक आले तसे स्पेनमधले खाणींचे आणि तालुक्यांचे छोटे लोहमार्ग एकेक करून बंद पडले. १ जानेवारी १९८५ रोजी सरकारने तोट्यातल्या मार्गांचा एक मोठा गठ्ठाच बंद केला. रूळ भंगारात गेले, स्टेशनांची छपरं कोसळली. जमिनीचा लांबलचक पट्टा मात्र बहुतेक ठिकाणी सरकारकडेच राहिला. १९९३ मध्ये या पट्ट्यांवर पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी 'विया वेर्दे', म्हणजे हरित मार्ग, करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा समन्वय स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान करतं. त्या वेळी देशात ७,६०० किलोमीटरहून जास्त लोहमार्ग वापराविना पडले होते. आज ३,००० किलोमीटरहून अधिक हरित मार्ग तयार आहेत.

हा सगळा इतिहास एकाच वाटेवर पाहायचा तर ओखोस नेग्रोसचा मार्ग घ्यावा. तेरुएल प्रांतातल्या ओखोस नेग्रोस इथे लोखंडाच्या खाणी होत्या. रामोन दे ला सोता या बास्क उद्योगपतीच्या पुढाकाराने १९०० मध्ये सिएर्रा मेनेरा खाण कंपनी निघाली. खनिज समुद्रापर्यंत न्यायचं होतं आणि कालातायुद-तेरुएल-वालेन्सिया ही दुसऱ्या कंपनीची रेल्वे तयार होतच होती. पण वाहतुकीच्या दरावरून दोन कंपन्यांचं जमलं नाही. मग खाण कंपनीने सागुन्तोच्या बंदरापर्यंत दोनशे किलोमीटरहून लांब असा स्वतःचा मीटरगेज मार्ग टाकला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. एकाच दरीतून दोन लोहमार्ग शेजारी शेजारी धावू लागले. १९७२ मध्ये खनिज शेजारच्या ब्रॉडगेज रेल्वेवर वळवण्यात आलं आणि खाणीचा मार्ग बंद पडला. शेजारची रेल्वे टिकली. दोन कंपन्यांच्या त्या भांडणाचा फायदा आज सायकलवाल्याला होतो: ट्रेनने वर जायचं आणि खाणीच्या मार्गाने उतरत यायचं. सायकलसाठी गाडीत जागा मोजक्याच असतात आणि मार्गावर अधूनमधून कामं निघतात, त्यामुळे आरक्षण आधी पक्कं करावं.

आज या मार्गाचे सुमारे १६० किलोमीटर सायकलने करता येतात. खनिजाने भरलेली गाडी समुद्राकडे उतरत यायची आणि रिकामी वर चढायची. म्हणून तेरुएलहून निघणाऱ्याला उतारच जास्त मिळतो, पण सरसकट नाही. तेरुएल सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि पुढची एस्कांदोन खिंड १,२०० मीटरच्या वर. पहिला अर्धा दिवस चढाचा धरावा. बाराकासचं पठार ओलांडलं की वाट खऱ्या अर्थाने खाली झेपावते. हरित मार्गांवर चढ साधारणपणे दोन-तीन टक्क्यांच्या आत असतो. पाय भरून येत नाहीत, पण वीस किलोमीटर चढ संपतही नाही. पॅडल मारणं थांबवायला उतार मिळत नाही, म्हणून सुरुवातीलाच हलका गिअर लावून एका लयीत चालवणं शहाणपणाचं. वालेन्सियाच्या बाजूला काही पट्ट्यांवर डांबरी थर आहे, तेरुएलच्या बाजूला खडी आणि माती. शुद्ध खडीच्या अपेक्षेने येणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते.

खडीच्या थराबद्दल थोडं सविस्तर. रुळाखालची मूळ खडी बोराएवढ्या आणि त्याहून मोठ्या, धारदार दगडांची असते. तिच्यात बारीक चुरा नसतो, म्हणून दगड मोकळेच राहतात आणि तिच्यावर सायकलचं चाक रुतत, घसरत जातं. म्हणून हरित मार्ग करताना ती काढतात किंवा झाकतात. वर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचे दगड आणि बारीक चुरा मिसळलेला थर पसरतात, पाणी मारतात आणि रोलर फिरवतात. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखंच हे काम. चुरा दगडांना धरून ठेवतो, तोवर वाट उत्तम. कोरड्या उन्हाळ्यात चुरा धुळीच्या रूपाने उडून जातो, पावसात वाहून जातो, आणि वर सुटे खडे उरतात. वळणाच्या बाहेरच्या कडेला ते गोळा होतात. तिथे पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा.

कातालोनियात जिरोनाहून ओलोतकडे जाणारी ५४ किलोमीटरची 'कारिलेत' वाट वेगळ्या प्रकृतीची आहे. इथली आगगाडी ७५० मिलिमीटर गेजची होती. आपल्या जुन्या बार्शी लाइटचं गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढंच. १९११ मध्ये ती ओलोतपर्यंत पोचली आणि १९६९ मध्ये बंद पडली. अरुंद गेजला तीव्र वळणं चालतात, त्यामुळे इथे बोगदे खोदण्याऐवजी डोंगराला वळसे घालणं परवडलं. वाटेवर ग्रॅनाइटच्या झिजेतून झालेली भरड, पिवळसर वाळू दाबून बसवली आहे. कोल दे'न बास ही ६२० मीटरची खिंड सर्वांत उंच, आणि जिरोनाहून येताना तिच्याआधीचा चढ जरा जाणवतो. नवख्यांनी ओलोतहून जिरोनाकडे यावं.

दक्षिणेत आंदालुसियातल्या प्वेर्तो सेर्रानो ते ओल्वेरा या ३६ किलोमीटरच्या वाटेवर प्रवासी गाडी कधी धावलीच नाही. खेरेस ते अल्मार्खेन हा मार्ग १९२०च्या दशकात आखला गेला, यादवी युद्धाने काम अडलं, नंतर ते रखडत चाललं आणि अखेर १९६०च्या दशकात सोडून दिलं. मागे राहिले ३० बोगदे आणि चार मोठे पूल. वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. बोगद्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. काहींमध्ये दिवे असतात, पण ते हमखास लागतीलच असं नाही. भर उन्हातून आत शिरलं की काही सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि नेमक्या तिथेच छतातून पाणी ठिबकून खड्डे पडलेले असतात. तोंडाशी वेग कमी करावा, गॉगल काढावा. दोनशे-तीनशे ल्युमेनचा दिवा पुरतो, पण तो खाली वळवलेला असावा. समोरून चालत येणारा त्याने आंधळा होता कामा नये.

रेल्वेच्या कितीतरी आधीची दुसरी वाट म्हणजे मेंढपाळांचे मार्ग. १२७३ मध्ये कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघाला, मेस्ताला, राजाश्रय दिला आणि कळपांच्या वाटांना संरक्षण मिळालं. मोठ्या वाटेची रुंदी ७५ मीटरपर्यंत. तेरुएलच्या डोंगरातले कळप हिवाळ्यात भूमध्य किनाऱ्याकडे उतरत, जसे आपले धनगर पठारावरून कोकणात उतरतात. या वाटांवरचा सार्वजनिक हक्क १९९५ च्या कायद्याने पक्का केला आणि मोटारीविना होणारा क्रीडावापरही मान्य केला. कागदावर हे जाळं लाखभर किलोमीटरहून मोठं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नांगर किंवा डांबरी रस्ता त्यात घुसला आहे. जिथे वाट शाबूत आहे तिथे चढ रेल्वेसारखे सौम्य नसतात आणि दगड सुटे असतात. हरित मार्गाला ४० मिलिमीटरचा टायर भरपूर झाला, इथे ४५ ते ५० हवा.

हवेचा दाब बहुतेक जण जास्त ठेवतात. सत्तर-पंचाहत्तर किलोचा स्वार, सामान नाही आणि टायर ४० मिलिमीटरचा ट्यूबलेस असेल, तर पुढे ३० आणि मागे ३३-३५ पीएसआय पुरे. सामान असेल तर मागे चारपाच वाढवावेत. या भागातला खरा शत्रू म्हणजे सराटा. आपल्या माळरानावर वाढतो तोच, तिथेही वाटेच्या कडेला उन्हाळाभर पसरलेला असतो. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. ट्यूबलेस टायरमध्ये ६०-७० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, हवं. कोरड्या उष्णतेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याआधी झडप उघडून पाहावं. काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल तर तो तिथेच राहू द्यावा. ट्यूब असेल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवावं. मोडलेलं टोक राहिलं तर नवी ट्यूबही लगेच फुटते.

'वाहतूकमुक्त' या शब्दाला थोडी सूट द्यावी लागते. ज्यांची शेतं लगत आहेत त्यांचे ट्रॅक्टर काही पट्ट्यांवर येतात, आणि ऑलिव्ह तोडणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते जानेवारी, जास्तच. रस्ता आडवा येतो तिथे मोटारी अडवायला खांब रोवलेले असतात. रुंद हँडलबार आणि बॅगा असतील तर तिथे उतरून चाललेलं बरं.

ऋतू मार्च ते मे, किंवा सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भागात पारा चाळिशीला टेकतो. रेल्वे गावात न शिरता बाहेरून जायची, त्यामुळे स्टेशन नकाशावर असलं तरी गाव आणि पाणी तिथून दोन-तीन किलोमीटर दूर, बऱ्याचदा चढावर असतं. माणशी किमान दोन ते तीन लिटर पाणी बरोबर हवं. शरद ऋतूत भूमध्य किनाऱ्यावर काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस पडतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सियात त्याने हाहाकार उडवला. एरवी कोरडे असणारे ओढे रेल्वेचा जुना बांध जिथे ओलांडतात तिथे पाण्याला वाट म्हणून लहानशा मोऱ्याच ठेवलेल्या आहेत. फांद्या आणि गाळाने मोरी तुंबली की पाणी बांधावरून उसळतं आणि भराव खालून पोखरला जातो. वरून थर शाबूत दिसतो, खाली पोकळी असते. अशा पावसानंतर निघण्याआधी स्थानिक नगरपालिकेकडे किंवा पर्यटन कार्यालयाकडे चौकशी करावी, आणि मोरीवरून जाताना काठ सोडून मधूनच चालवावं.