क्रूझ जहाज उद्योग : सद्यस्थिती आणि अडचणी

माणसांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवणे हा ज्याचा मुख्य हेतू नाही, जहाजावरचा मुक्काम हाच ज्याचा विक्रीचा माल आहे, अशा प्रवासी जहाजांच्या व्यवसायाला क्रूझ उद्योग म्हणतात. बहुतेक सफरी तीन ते चौदा रात्रींच्या असतात आणि पुष्कळदा जिथून सुटतात तिथेच येऊन संपतात. जगभरातील क्रूझ प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये सुमारे २.९७ कोटी होती. कोविडच्या काळात ती कोसळली, २०२३ मध्ये ३.१७ कोटींवर गेली आणि २०२४ मध्ये ३.४६ कोटी झाली. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन आणि एमएससी या चार समूहांच्या हाती यातला बहुतांश धंदा आहे.

गिऱ्हाईक कमी पडते ही या उद्योगाची आजची अडचण नाही. जहाजे ज्या वेगाने मोठी झाली, त्या वेगाने बंदरे, इंधनाची सोय आणि किनाऱ्यावरची गावे मोठी होऊ शकत नाहीत. खाली दिलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे सापडते.

आकार आणि अर्थकारण

मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली सेवेत आले. त्याचे ग्रॉस टनेज सुमारे ४८,५०० आहे. (ग्रॉस टनेज हे जहाजाच्या बंदिस्त जागेचे माप आहे, वजनाचे नव्हे.) जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिली सफर केलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज सुमारे २,४८,६०० आहे. लांबी ३६५ मीटर, प्रवासी जास्तीत जास्त ७,६००, कर्मचारी सुमारे २,३५०. एका पिढीत जहाज पाचपट झाले.

याचे कारण हिशेबात आहे. प्रवासी दुप्पट झाले म्हणून कॅप्टन दोन लागत नाहीत आणि ब्रिजवरची (जहाज हाकण्याच्या कक्षातली) पाळी दुप्पट होत नाही. माणशी इंधनही कमी जळते. शिवाय तिकिटावर सगळी कमाई अवलंबून नसते. मद्य, वायफाय, कॅसिनो, खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांतून मोठ्या कंपन्यांना एकूण उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम मिळते. खोली रिकामी गेली की ही कमाईही जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकीट पाडून विकणे परवडते. एका खोलीत दोन माणसे धरून क्षमता मोजतात. त्याच खोलीत तिसरे-चौथे माणूस म्हणून मूल आले की भरणा शंभर टक्क्यांच्या वर जातो.

एवढी मोठी प्रवासी जहाजे बांधणारे कारखाने मोजकेच आहेत : इटलीतील फिनकांतिएरी, फ्रान्समधील सॅं-नाझेर येथील शांतिए द लाटलांतिक, जर्मनीतील मायर वेर्फ्ट आणि फिनलंडमधील मायर तुर्कू. चीनने शांघायमध्ये बांधलेले ‘अडोरा मॅजिक सिटी’ २०२४ च्या पहिल्या दिवशी सेवेत आले. कारखान्यांत जागा कमी असल्याने मागणी बरीच वर्षे आधी नोंदवावी लागते आणि त्यातच धोका दडलेला असतो. मायर वेर्फ्टने कोविडपूर्व भावाने करार केले होते. पुढे पोलाद आणि ऊर्जा महागली आणि किमतीचा सुमारे ८० टक्के भाग जहाज ताब्यात दिल्यावरच मिळायचा होता. खेळते भांडवल आटले आणि २०२४ मध्ये जर्मन केंद्र सरकार व लोअर सॅक्सनी राज्याने ४० कोटी युरो घालून कंपनीचा सुमारे ८० टक्के वाटा घेतला.

कर्ज हा कोविडने मागे ठेवलेला दुसरा भार. जहाजे धक्क्याला उभी असतानाही विमा, किमान कर्मचारी आणि जनरेटर यांचा खर्च थांबत नाही. कार्निव्हलचे कर्ज २०२३ च्या सुरुवातीस ३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. अनेक जुनी जहाजे कोविडच्या काळात तुर्कस्तानात अलिआगाला मोडीत निघाली.

वीज, इंधन आणि धूर

आधुनिक क्रूझ जहाज म्हणजे आधी वीजकेंद्र. इंजिने पंखा थेट फिरवत नाहीत. ती जनरेटर फिरवतात, त्या विजेवर जहाजाखाली लटकवलेल्या मोटरी चालतात आणि त्याच विजेवर वातानुकूलन, स्वयंपाकघरे, लाँड्री, समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे व हजारो खोल्या चालतात. ‘आयकॉन’वरच्या सहा इंजिनांची एकत्रित क्षमता सुमारे ६७ मेगावॉट आहे. मालवाहू जहाज बंदरात आले की त्याची विजेची गरज बरीच खाली येते. क्रूझ जहाजाचे तसे होत नाही. धक्क्याला उभे राहूनही त्याला साधारण ५ ते १२ मेगावॉट लागतात आणि त्यासाठी चालणाऱ्या इंजिनांचा धूर नेमका शहराच्या तोंडाशी निघतो.

१ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजी इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. उत्तर अमेरिका, बाल्टिक व उत्तर समुद्र आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्र इथे ती ०.१ टक्का आहे. स्वस्त जड तेल जाळत राहण्यासाठी अनेक कंपन्यांनी स्क्रबर बसवले. स्क्रबरमध्ये धुरावर समुद्राचे पाणी फवारून गंधक धुऊन काढतात. उघड्या पद्धतीच्या स्क्रबरमधले ते आम्लयुक्त पाणी पुन्हा समुद्रात जाते, म्हणजे हवेतली घाण पाण्यात जाते. डेन्मार्कने जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत हे पाणी सोडण्यास बंदी घातली आहे.

दुसरा मार्ग द्रवरूप नैसर्गिक वायूचा, म्हणजे एलएनजीचा. २०१८ चे ‘आयडानोव्हा’ हे पूर्णपणे एलएनजीवर चालू शकणारे पहिले क्रूझ जहाज. हा वायू उणे १६२ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेलच्या जवळजवळ दुप्पट जागा खातो. गंधक आणि काजळी जवळपास जाते, जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइडही २० ते २५ टक्के कमी होतो. पण कमी दाबाच्या दुहेरी इंधन (वायू आणि तेल) इंजिनात सगळा वायू जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीलगत ज्वाला विझते, पिस्टनच्या फटीत वायू अडकतो आणि मिथेन न जळताच धुराड्यातून बाहेर पडतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. युरोपीय नियमांत ही गळती ३.१ टक्के धरली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मोजमापांत ती सरासरी ६.४ टक्के भरली. इंजिन कमी भारावर चालले की गळती वाढते. म्हणून चार इंजिने अर्ध्या जोरावर न चालवता दोनच पूर्ण भाराजवळ चालवणे आणि चढउतार बॅटरीवर घेणे, हा जहाजावर लगेच करता येणारा उपाय आहे. एलएनजीला ‘हरित’ म्हणून विकणे मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

धक्क्यावरचा धूर थांबवायचा तर किनाऱ्यावरची वीज घ्यावी लागते. अलास्कातील जुनो येथे २००१ मध्ये क्रूझ जहाजासाठी ती प्रथम सुरू झाली. प्रत्यक्षात काम असे चालते : जहाज धक्क्याला बांधले की क्रेनने जाड केबली जहाजाच्या दारापर्यंत आणतात, ६.६ किंवा ११ किलोव्होल्टचे प्लग बसवतात, अर्थिंग व सुरक्षा-साखळी तपासतात. मग जहाजाच्या जनरेटरचा व्होल्टेज, वारंवारिता आणि फेज किनाऱ्याच्या पुरवठ्याशी जुळवून ब्रेकर जोडतात, भार हळूहळू किनाऱ्यावर टाकतात आणि शेवटी जनरेटर थांबवतात. घोडे अडते ते वारंवारितेवर. बहुतेक क्रूझ जहाजे ६० हर्ट्झवर चालतात, अमेरिकेची वीजही ६० हर्ट्झची. युरोप आणि भारतात ती ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे बंदराला महागडा कन्व्हर्टर बसवावा लागतो. आणखी एक गोष्ट हिशेबातून सुटते. जनरेटर थांबले की त्यांच्या गरम धुरावर मिळणारी वाफही थांबते, मग गरम पाण्यासाठी तेलाचा बॉयलर पेटवावा लागतो. म्हणजे केबल जोडलेल्या जहाजाच्या धुराड्यातूनही थोडा धूर निघू शकतो. २०३० पासून युरोपातील मुख्य बंदरांत प्रवासी जहाजांना किनाऱ्याची वीज घेणे बंधनकारक होणार आहे.

युरोपीय संघाने जहाजांना उत्सर्जनाचे परवाने विकत घेणेही लागू केले : २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांसाठी, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी आणि २०२६ पासून पूर्ण. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य गाठण्याचे उद्दिष्ट २०२३ मध्ये ठरवले, पण त्यासाठीच्या दंड-आकारणीच्या चौकटीवरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. आज बांधलेले जहाज तीस वर्षे चालायचे आहे आणि त्या काळात कोणते इंधन कुठल्या बंदरात मिळेल, हे मागणी नोंदवताना मालकाला सांगता येत नाही.

वीज गेली तर

एवढे सगळे विजेवर असल्याने ती जाणे हाच सर्वांत मोठा धोका. २३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ हे जहाज १,३७३ माणसांसह नॉर्वेच्या हुस्टाडविका या खडकाळ पट्ट्यात वादळात सापडले. चारपैकी एक जनरेटर आधीच दुरुस्तीत होता. उरलेल्या तिघांच्या वंगणतेलाच्या टाक्यांत पातळी शिफारशीपेक्षा बरीच कमी होती. जहाज हेलकावे खाऊ लागले तसे तेल एका बाजूला गेले, शोषनळीत हवा शिरली, दाब पडला आणि सुरक्षायंत्रणेने एकामागून एक तिन्ही इंजिने बंद केली. नांगर धरेना. खडकापासून जहाजाच्या लांबीएवढेही अंतर उरले नसताना इंजिने पुन्हा सुरू झाली; ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. इंजिने नियमाप्रमाणेच थांबली होती. चूक तेलाच्या पातळीत होती, आणि पुरेशी राखीव क्षमता नसताना वादळात निघण्यातही होती.

धोका विजेपुरताच नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटून ३२ जण मरण पावले. काही प्रवाशांचा सुरक्षा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण नियम चोवीस तासांची सवलत देत होता. आता हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावा लागतो.

बंदरातली गर्दी

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. प्रवासी छोट्या बोटींनी जुन्या बंदरात उतरतात आणि वरच्या गावात जायला केबल कार, खेचरे किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या एवढेच मार्ग आहेत. दोन-तीन जहाजे एकाच सकाळी आली की केबल कारची रांग तासांवर जाते. गर्दीचा प्रश्न वर्षाच्या एकूण आकड्यात दिसत नाही, तो तासाच्या आकड्यात दिसतो. म्हणूनच तिथे २०२५ पासून दिवसाला ८,००० प्रवाशांची मर्यादा आली आणि ऐन हंगामात माणशी २० युरो कर लागला.

व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजवरील जहाजांना सान मार्को व जुदेक्का कालव्यातून बंद केले. बार्सिलोनाने २०३० पर्यंत सातपैकी दोन टर्मिनल काढण्याचे ठरवले आहे. जुनोमध्ये दिवसाला पाच मोठी जहाजे ही मर्यादा आहे. प्रवासी दुपारचे जेवण जहाजावर करून येतो, रात्री परत जहाजावर झोपतो. शहराकडे कचरा आणि कोंडी राहते, ही तक्रार खरी आहे. कंपन्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे स्वतःची बेटे आणि किनारे. बहामात रॉयल कॅरिबियनचे कोको के आणि जुलै २०२५ मध्ये उघडलेले कार्निव्हलचे सेलिब्रेशन की ही त्याची उदाहरणे. तिथे मर्यादा घालणारी नगरपालिका आड येत नाही आणि प्रवाशाचा किनाऱ्यावरचा खर्चही कंपनीच्याच गल्ल्यात पडतो. स्थानिक दुकानदाराच्या दृष्टीने हा तोडगा नव्हे.

आरोग्य

नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांची साथ जहाजावर झपाट्याने पसरते, कारण कठडे, लिफ्टची बटणे आणि बुफेचे चमचे सगळ्यांचे एकच. या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्याने अल्कोहोलचे जेल त्यावर फारसे चालत नाही. साबणाने हात धुणे, क्लोरीनने पृष्ठभाग पुसणे आणि लक्षणे थांबल्यावरही दोन दिवस रुग्णाला खोलीत ठेवणे हेच उपाय. साथ दिसताच बुफेवर वाढपी उभे करतात. जहाजांच्या स्वच्छतेच्या अमेरिकी तपासणीत १०० पैकी ८६ च्या खाली गुण म्हणजे नापास.

कर्मचारी

फिलिपिनो, इंडोनेशियन आणि भारतीय ही जहाजावरची मोठी फळी. त्यात गोवा, मुंबई आणि कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे. सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. प्रवासी बदलण्याच्या दिवशी हे गणित सर्वाधिक ताणले जाते : पहाटे जहाज लागते, दुपारपर्यंत हजारो उतरतात, तेवढेच चढतात आणि त्याच वेळात सामान, चादरी, किराणा, कचरा हलवायचा असतो.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणारे दलाल किनाऱ्यावर कायम असतात. भारतात भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईच्या नौवहन महानिदेशालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना असावा लागतो आणि खलाशाकडून नेमणुकीचे शुल्क घेण्यास बंदी आहे. परवाना क्रमांक महानिदेशालयाच्या यादीत पाहिल्याशिवाय पासपोर्ट किंवा सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) कोणाच्या हाती देऊ नये.

भारताचा किनारा

मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ कोविडमध्ये बंद पडून २०२० च्या अखेरीस अलंगला मोडीत गेले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया ही पोकळी भरते आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी क्रूझ भारत मोहीम मुंबईतून सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवर वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेचे टर्मिनल उघडले. देशी सफरी करणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी प्रवासी भाड्याच्या २० टक्के रक्कम नफा धरून कर आकारण्याची सोपी पद्धतही आली.

इमारत आली तरी जहाजे हवीत, आणि पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हंगाम बंद असतो. त्या काळात एकाच जहाजावर चालणाऱ्या कंपनीला ते पूर्व किनाऱ्यावर न्यावे लागते. २०२३ च्या पावसाळ्यात ‘एम्प्रेस’ चेन्नईहून श्रीलंकेला जात होते. मुंबई आणि मुरगाव यांच्यामध्ये एकही क्रूझ टर्मिनल नाही, त्यामुळे कोकणचा सगळा किनारा प्रवाशांना रात्री दूरवरचे दिवे म्हणूनच दिसतो. रत्नागिरी किंवा मालवणला मोठा धक्का बांधण्यापेक्षा आधी सुरक्षित नांगरवाड्याची जागा आणि छोट्या बोटींसाठी चांगली जेट्टी केली, तर खर्च कमी पडेल आणि दिवसाला किती माणसे उतरवायची हेही गावाला पहिल्यापासून ठरवता येईल.