एएफएमसीचा बाँड: थोडी पार्श्वभूमी

नीटचा निकाल लागला की पुण्यात एक प्रश्न हमखास निघतो, मार्क्स बसत असतील तर वानवडीला, म्हणजे एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजला, जायचं का. ट्यूशन फी नाही, हॉस्टेल सरकारचं, बाहेर पडलं की नोकरी पक्की, त्यामुळे मामा-काका लगेच म्हणतात की अरे यात विचार कसला करायचा. विचार करायला हवा, आणि तो लाखांपेक्षा वर्षांचा करायला हवा असं मला ठामपणे वाटतं, म्हणून शिकून झाल्यावर सैन्यात सेवा करायची नाहीतर पैसे भरायचे, असा इथला जो बाँड आहे तो कुठून आला आणि वाढत कसा गेला ते इथे मांडतोय.

अगदी मागचं थोडक्यात. इंग्रजांच्या काळातल्या वेगवेगळ्या लष्करी वैद्यकीय सेवा एकत्र करून ३ एप्रिल १९४३ ला आर्मी मेडिकल कोअर ही एकच कोअर झाली, ऐन महायुद्धात. मग एका समितीच्या शिफारशीवरून युद्धकाळातली पाच-सहा छोटी युनिट्स पुण्यात एकत्र आणली आणि १ मे १९४८ ला हे कॉलेज सुरू झालं. पण तेव्हा इथे एमबीबीएस नव्हतंच, आधीच डॉक्टर असलेल्या अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग चालायचं, त्यामुळे बारावीच्या पोराचा बाँडशी संबंध यायचं कारणच नव्हतं. एमबीबीएस सुरू झालं ४ ऑगस्ट १९६२ ला. चीनच्या युद्धामुळे ते सुरू केलं असं बरेच जण सांगतात, पण युद्ध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेटलं. सैन्यात डॉक्टर कमी पडतायत हे त्याआधीच कळलेलं होतं, युद्धाने फक्त ते सगळ्या देशाला दिसलं.

त्यानंतरची वीसेक वर्षं फुकट शिक्षण हे काही फार मोठं आकर्षण नसावं, कारण ससूनशेजारच्या सरकारी कॉलेजची फीसुद्धा मध्यमवर्गीय घराला झेपण्यासारखीच होती. वानवडीला जायचं ते युनिफॉर्मसाठी. चित्र बदललं ते १९८३ च्या सुमारास, राज्याने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना दार उघडलं तेव्हा. मग डोनेशन आलं, त्याला बंदी घालणारा १९८७ चा कायदा आला, मग सुप्रीम कोर्टाचे एकामागून एक निकाल आले, त्यातला २००५ चा तर महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. डोनेशन कागदावर बंद झालं पण फी चढतच राहिली, आणि आज अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसला वर्षाला २० लाखांच्या पुढे मोजावे लागतात. म्हणजे वानवडीची सीट जागच्या जागीच होती, बाहेरचं जग महाग झालं आणि तिचा अर्थ बदलला.

खरा वाद इथून सुरू होतो. कमिशन, म्हणजे सैन्यातली अधिकारीपदाची नेमणूक, घ्यायचं नसेल तर बाँडची रक्कम भरून मोकळं होता येतं, आणि ही रक्कम बराच काळ १५ लाख होती. बाहेर एका वर्षाची फी तेवढी व्हायला लागल्यावर काही जणांनी सरळ हिशोब केला, उत्तम शिक्षण घेतलं, पैसे भरले आणि गेले. यावर ओरड झाली, आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. सैन्याने डॉक्टर घडवायचा आणि सियाचिनला पाठवायची वेळ आली की त्याने चेक फाडायचा, हे कुणालाही खटकेल. म्हणून रक्कम आधी २५ लाख झाली आणि नंतर चढत चढत ६० लाखांच्या पुढे गेली. पण यातून अडकलं कोण? ज्याच्या घरी हॉस्पिटल आहे त्याला ६० लाखही जमतात. ज्याचा बाप शिक्षक आहे किंवा एसटीत आहे, त्याला १५ लाखसुद्धा जमत नव्हते. रक्कम वाढवून जाणारे कमी झालेही असतील, पण जायची मोकळीक फक्त पैसेवाल्याला ही गोष्ट होती तशीच राहिली, उलट जास्त पक्की झाली. रकमेऐवजी काही वर्षांची सेवा सगळ्यांना सक्तीची केली असती तर ते जास्त न्याय्य झालं असतं. तुलनेसाठी, राज्याच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा आहे, ती चुकवली तर बराच काळ १० लाख भरावे लागायचे.

आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे कमिशनचा प्रकार. साधारण निम्म्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतचं, मिळतं आणि निम्म्यांना सात वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे सात वर्षं संपताना मुलगा तिशी ओलांडतो आणि सर्जन व्हायचं असेल तर त्यानंतर पीजीची तीन वर्षं. शॉर्ट सर्व्हिसवाल्याला पेन्शन नाही, त्यासाठी वीस वर्षं लागतात. पर्मनंटवाल्याला पेन्शन आहे, पण मधेच सोडायचं तर परवानगी मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. सर्व्हिसमधून पीजी केलं तर त्याची लायबिलिटी, म्हणजे त्यासाठीच्या सक्तीच्या सेवेची वर्षं, वेगळी.

मुलींचं जरा वेगळं आहे. मेडिकलमध्ये स्त्रियांना पर्मनंट कमिशन आधीपासूनच होतं, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा गाजलेला निकाल सैन्याच्या बाकीच्या शाखांसाठी होता. देशातली पहिली महिला लेफ्टनंट जनरल याच कॉलेजची विद्यार्थिनी. तरीही १४५ सीट्समध्ये मुलींसाठी आजही फक्त ३० आहेत, त्यामुळे त्यांचा कटऑफ वर जातो आणि चांगले मार्क्स असलेल्या कितीतरी मुली दारातूनच परत जातात. हे कधीच बदलायला हवं होतं.

प्रवेशाची पद्धतही बदलत आली. पूर्वी कॉलेजची स्वतःची परीक्षा होती, आता नीटच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट लागते, मग टोएलर नावाची इंग्रजी आणि लॉजिकची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. मेडिकलला रंगांधळेपणा निघाला की नीटला कितीही मार्क्स असोत, उपयोग नाही, म्हणून डोळे आधीच तपासून घेतलेले बरे. बाँडवर सही प्रवेशाच्या वेळीच होते, आणि मूल अठराचं नसलं तर पालकालाच ती करावी लागते. पर्मनंट की शॉर्ट सर्व्हिस हे मात्र कोर्स संपताना मेरिट आणि पसंती बघून ठरतं, म्हणजे सही करताना घरच्यांनी सात वर्षं आणि वीस वर्षं असे दोन्ही हिशोब समोर ठेवायचे, आणि ते मुलासोबत बसून करायचे, त्याला बाहेर पाठवून नाही.