गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरपर्यंत का गेले: पिकअपमधल्या ट्रान्समिशन कूलिंगची पार्श्वभूमी

नागपूरच्या रस्त्यांवर ऑटोमॅटिक पिकअप हा तसा नवा प्रकार. इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्ये ही सोय २०१९ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. त्याआधी इथला पिकअप म्हणजे टाटा २०७, बोलेरो पिकअप, पुढे योद्धा, आणि सगळ्यांत हाताने टाकायचा गिअर. त्या गिअरबॉक्सला कूलर नसतो आणि त्याची गरजही पडत नाही. दाते एकमेकांत अडकून फिरतात, जेमतेम दोन-तीन टक्के शक्ती वाया जाते आणि तेवढी उष्णता बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या खोक्यावरून वाऱ्याबरोबर निघून जाते. तापते ती क्लच प्लेट, तीही हाफ क्लचवर गाडी रेटली तरच. त्यामुळे मॅन्युअल गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला ऑटोमॅटिकच्या रेडिएटरच्या टाकीत शिरणारे दोन जास्तीचे पाइप परके वाटतात. पण नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, गिअरबॉक्स का जळतो, याचे उत्तर त्या पाइपांतच आहे.

सुरुवात जहाजापासून झाली. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजाच्या टर्बाइनसाठी द्रवातून शक्ती पोहोचवण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. फ्लुइड कपलिंग (द्रवातून शक्ती पुढे देणारा जोड) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तसाच जोड, पण फिरवण्याचा जोरही वाढवणारा) दोन्ही त्यातूनच आले. मोटारीत हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आणले जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिकने, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये. त्यात कन्व्हर्टर नव्हता, साधे फ्लुइड कपलिंग होते. वरच्या गिअरांत शक्तीचा काही भाग कपलिंगला वगळून थेट पुढे जात असे, म्हणून घसर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेगातली तफावत, कमी आणि उष्णताही कमी. हाच गिअरबॉक्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यांतही बसवला गेला. शेव्हरोलेच्या पिकअपवर तो १९५४ पासून मिळू लागला.

उष्णतेचा खरा प्रश्न १९४८ च्या ब्युइक डायनाफ्लोने उभा केला. ड्राइव्हमध्ये टाकल्यावर हा गिअरबॉक्स गिअर बदलतच नसे, सगळे काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोपवलेले. चालणे लोण्यासारखे मऊ होते, पण कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचा पंखा आणि चाकांकडचा पंखा यांच्या वेगात जितकी तफावत, तितके ऑइल घुसळले जाते आणि ती सगळी शक्ती उष्णता बनते. हिशेब सोपा आहे. इंजिन ५० किलोवॅट देत असेल आणि कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षमतेवर चालत असेल, तर साडेसात किलोवॅट ऑइलमध्ये उतरतात. मिनिटाला आठ लिटर ऑइल फिरत असेल, तर प्रत्येक फेरीत त्याचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअसने वाढते. खोक्याच्या पृष्ठभागावरून एवढी उष्णता बाहेर जाणे शक्यच नाही.

फोर्डचा फोर्ड-ओ-मॅटिक आणि शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांच्या काही हलक्या आवृत्त्यांत कन्व्हर्टरवरच पाती बसवून बाहेरची हवा ओढून पाहिली गेली. लहान इंजिनांना ते पुरले. टिकला मात्र दुसरा उपाय: कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेले गरम ऑइल पाइपने रेडिएटरच्या टाकीतल्या पितळी नळीतून फिरवायचे आणि परत आणून गिअरच्या वंगणाला द्यायचे. पाण्याला हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता घेता येते. शिवाय थंडीत सकाळी तेच पाणी ऑइल लवकर गरमही करते. पण या जागेची एक मर्यादा जन्मजात आहे. टाकीतले पाणी जितके गरम, त्याच्या खाली ऑइल कधीच येऊ शकत नाही. इंजिन उकळीकडे निघाले की गिअरबॉक्सही त्याच्यामागे जातो.

दुसरा धोका या शेजारातच आहे. नळीला भेग पडली की कूलंट आणि ऑइल मिसळते आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसू लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांच्या निसान फ्रंटिअर पिकअपमध्ये अमेरिकेत हे इतके घडले की प्रकरण कोर्टात गेले. कूलंटमधले पाणी आणि ग्लायकॉल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटवरचे कागदी अस्तर सोडवतात, त्यामुळे नुसते ऑइल बदलून अशी पेटी (गिअरबॉक्स) वाचण्याची आशा फार थोडी. ऑइलच्या रसायनानेही एकदा हा सांधा धोक्यात आणला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ट्रान्समिशन ऑइलमध्ये व्हेलच्या तेलाचा अंश असे. अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर आलेल्या डेक्सरॉन-दोन या जनरल मोटर्सच्या ट्रान्समिशन ऑइलच्या पहिल्या मिश्रणाने रेडिएटरमधल्या कूलरचे डाक (सोल्डर) खाल्ले. मग गंजरोधक घालून ते सुधारावे लागले. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची सवय आहे, तिचा फटकाही याच नळीला बसतो. क्षाराचा थर बाहेरून चढतो, उष्णता अडते आणि खाली धातू कुरतडला जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरे काही नको.

पिकअपने ट्रेलर ओढायला सुरुवात झाल्यावर रेडिएटरपुढे जाळीचा हवेवरचा कूलर जोडला जाऊ लागला. क्रम महत्त्वाचा: गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग जाळीचा कूलर आणि परत. उलटा जोडला तर थंड झालेले ऑइल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापते. याच काळापासून एक गैरसमज चालत आला आहे की गाडी पार्कमध्ये टाकून इंजिन चालू ठेवले की गिअरबॉक्स निवतो. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट पेट्यांत पार्कमध्ये कन्व्हर्टर आणि कूलरकडे ऑइल जातच नसे. न्यूट्रल आणि हँडब्रेक ही सवय कुठल्याही गाडीत सुरक्षित.

पुढचा मोठा बदल कूलरमध्ये नव्हे, कन्व्हर्टरमध्ये झाला. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच आत दोन्ही पंखे थेट जोडणारा क्लच, म्हणजे लॉक-अप, बसवला होता. क्रायस्लरने १९७८ मध्ये तो पुन्हा आणला आणि इंधनटंचाईच्या काळात तो सगळीकडे पसरला. लॉक लागला की घसर संपते आणि उष्णतेचा मुख्य झराच आटतो. म्हणून समृद्धी महामार्गावर एका लयीत धावणाऱ्या गाडीपेक्षा नागपूरजवळच्या वाडीच्या कोंडीत लोड घेऊन रांगणाऱ्या गाडीचे ऑइल जास्त तापते: लॉक सुटलेला आणि समोरून वाराही नाही. चिखलदऱ्याच्या घाटात मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरावा. इंजिनाचे आरपीएम वाढतात, लॉक टिकण्याची शक्यता वाढते आणि गिअरची वरखाली थांबते.

अलीकडच्या पेट्यांत थर्मोस्टॅट असतो आणि ठरावीक तापमानापर्यंत ऑइल कूलरकडे सोडलेच जात नाही. पातळ, सिंथेटिक ऑइल गरम असताना कमी इंधन खाते, म्हणून आज ९० ते १०० अंश हे चालते तापमान मानले जाते. जुन्या ऑइलसाठी दुरुस्तीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा होता की ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना आयुष्य निम्मे. नवे ऑइल जास्त सोसते. तरीही ११५ च्या पुढे वार्निश (जळक्या ऑइलचा चिकट थर) धरू लागते आणि १२५ च्या पुढे रबरी सील कडक होतात, हे बदललेले नाही.

आता नागपूर. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. डांबरावरची हवा त्याहून गरम. ऑइल ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर कूलरला ७० अंशांचा फरक मिळतो. हवा ४५ वर गेली की ५० चाच. म्हणजे तोच कूलर जवळजवळ ३० टक्के कमी उष्णता फेकतो. एसीच्या कंडेन्सरमागे बसवलेला असेल तर आणखी कमी. त्यावर उमरेडकडची कोळशाची धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू जाळीत बसतात. मार्च संपण्याआधी जाळी धुवावी, पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे आणि तेही कमी दाबाने. प्रेशर पंपाने जाळीची पाती झोपतात.

प्रवाह तपासायचा तर परतीचा पाइप बरणीत सोडावा. आयडलवर २० सेकंदांत साधारण एक लिटर ऑइल यायला हवे. कमी आले तर कूलर तुंबला किंवा पंप थकला. एकदा क्लच प्लेट जळालेल्या गाडीत जुना कूलर तसाच ठेवू नये. थरांच्या कूलरमधला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही आणि तोच नव्या पेटीत जातो. पाइप बदलताना ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच घ्यावा, साधा डिझेलचा फुगतो.

ऑइलची पातळी बघण्यात इथल्या उन्हाळ्याची एक वेगळीच अडचण आहे. नव्या पेट्यांना बहुधा डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानात असताना बाजूचा किंवा तळाचा प्लग उघडून पातळी जुळवतात, आणि बहुतेक पेट्यांत हा पट्टा ३५ ते ५५ अंशांमध्ये कुठेतरी, तोही अरुंद असतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करण्याआधीच त्यात शिरलेली असते. थोडी फिरवली की पट्टा ओलांडते, ऑइल फुगते, जास्तीचे वाहून जाते आणि थंड झाल्यावर पेटी कमी ऑइलवर चालते. हे काम सकाळी सहाला, रात्रभर उभ्या गाडीवर, स्कॅनरने तापमान बघतच करावे.